मदत हवी आहे: ग्रुपला रोल दिला तरी स्टार्टचं बटण पुसट

कुपवाडकर: सकाळपासून डोकं उठलंय. प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) ऑपरेटरला फक्त टॅलीचं मशीन चालू-बंद करू द्यायचंय. ग्रुप केला, रोल (परवानग्यांचा संच) दिला, पोराला ग्रुपात टाकलं. तरी स्टार्ट पुसटच! सांगलीत हळदीचा सीझन, अडत दुकानात हिशेबाच्या पट्ट्या अडकल्यात. लवकर सांगा.

मिरजजंक्शन: कुठला रोल? कुठल्या पाथवर? निम्मं पोटात ठेवून विचारता राव.

कुपवाडकर: पीव्हीईव्हीएमयूजर (मशीन वापरायचा, चालू-बंद करायचा रोल), /व्हीएम्स/१०४ वर, म्हणजे टॅलीच्या मशीनवर. सगळं बरोबर दिलंय.

रॅकमालक: पीव्हीईव्हीएमअ‍ॅडमिन (मशीनवरचे सगळे अधिकार) देऊन टाका आणि चहा प्या. आमच्याकडे तीन वर्षं तसंच चाललंय.

मिरजजंक्शन: त्यात व्हीएम.अलोकेट येतं, म्हणजे मशीन बनवायचा-काढायचा अधिकार. उद्या तो अख्खं मशीन डिलीट करेल.

रॅकमालक: आमची पोरं शहाणी आहेत.

भडंगप्रेमी: मशीन बंद पडतंच कशाला? लाइट जाते का? 'स्टार्ट अ‍ॅट बूट'वर टिक करा. यूपीएस कुठला आहे?

कुपवाडकर: लाइटचा संबंध नाही हो. पोरगा रिमोट डेस्कटॉपवर काम करतो आणि संध्याकाळी घरच्या पीसीसारखं शटडाऊन करून जातो. सकाळी नऊला मला फोन.

भडंगप्रेमी: मग विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून शटडाऊनच काढून टाका! विषय संपला.

कुपवाडकर: तेही करेन. पण हे का चालत नाही ते कळायला नको?

कृष्णाकाठ: पोराच्या लॉगिनला १०४ यादीत दिसतंय का?

कुपवाडकर: दिसतंय की. कन्सोल (मशीनची स्क्रीन) मात्र नाही.

कृष्णाकाठ: म्हणजे व्हीएम.ऑडिट (बघायचा अधिकार) पोचलंय, व्हीएम.पॉवरएमजीएमटी (चालू-बंद करायचा अधिकार) नाही. डेटासेंटरच्या परमिशन्समध्ये १०४ वर त्याच्या स्वतःच्या नावाने वेगळी ओळ आहे का बघा.

कुपवाडकर: आहे एक, पीव्हीईऑडिटर. दिवाळीत नुसतं बघायला दिलं होतं. पण ग्रुपचं त्यात मिळवलं जाणार ना?

कृष्णाकाठ: तिथंच फसलात. एकाच पाथवर युजरच्या नावाने काही दिलं असेल तर ग्रुपचं धरलंच जात नाही. बेरीज होते ती दोन ग्रुपांची. ती ओळ काढा, मग युजर्समध्ये त्याचं नाव निवडून परमिशन्स बटण दाबा. शेवटी त्याच्या हातात काय उरलं ते तिथे दिसतं.

मिरजजंक्शन: व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरमध्येही असंच, एकाच ऑब्जेक्टवर युजरचं ग्रुपला मागे टाकतं. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर आम्ही इकडे आलो, तर इथेही तेच.

रॅकमालक: लायसनचं रडगाणं दुसऱ्या धाग्यात.

कुपवाडकर: ओळ काढली, स्टार्ट उमटलं! फोनवर सांगून पोराकडूनच दाबून घेतलं. कृष्णाकाठ, दंडवत. दिवाळीची ती ओळ मी साफ विसरलो होतो.

रॅकमालक: संध्याकाळी परत शटडाऊन करणारच तो.

कुपवाडकर: करू दे. सकाळी चालूही तोच करेल.