गालाचं हाड मोडून 80 मिनिटं खेळलेला सॅम बर्जेस: कौतुक करायचं का?

नंदू_सिडनी:
काल घरी 2014 ची एनआरएल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य स्पर्धा) ग्रँड फायनल परत लावली आणि पोराशी वाद झाला, म्हणून इथे विचारतोय. रग्बी लीग माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला 13 जण, सहा टॅकल होईपर्यंत जेवढं पुढे सरकता येईल तेवढं सरकायचं, मग बॉल समोरच्याकडे. फॉरवर्ड म्हणजे मधले दणकट गडी, बॉल छातीशी धरून समोरच्या भिंतीवर जाऊन आदळायचं, उठायचं आणि लगेच उलटं दुसऱ्याला पाडायचं, दिवसभर हेच.
मॅचच्या पहिल्याच धडकेत साऊथ सिडनी (साऊथ्स) क्लबच्या बर्जेसचं डोकं समोरच्या बुलडॉग्स क्लबच्या जेम्स ग्रॅहमवर आपटलं, दोघंही इंग्लंडचे, देशाकडून एकत्र खेळलेले. गालाचं हाड गेलं, डोळ्याच्या खोबणीला पण फ्रॅक्चर. गडी बाहेर गेलाच नाही. साऊथ्स 30-6 ने जिंकले, 43 वर्षांनी ट्रॉफी आली, आणि सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल मेडल त्यालाच. माझ्या अंगावर आजही काटा येतो. पोरगा म्हणतो, बाबा, हे दाखवून आम्हाला काय शिकवताय? माझं म्हणणं, फॉरवर्डची कारकीर्द अशाच दिवसावरून ओळखली जाते आणि जावी.

मेधा_फिजिओ:
पोरगा बरोबर बोलला. बर्जेस तेव्हा 25 चा होता आणि 2019 मध्ये खांद्यापायी रिटायर झाला तेव्हा फक्त 30 चा. गालाचा आणि खांद्याचा थेट संबंध नाही हे मला कळतं, पण "दुखलं तरी थांबायचं नाही" ही सवय एकच आहे ना, ती गालापुरती राहत नाही.
आणि साऊथ्सचीच जुनी गोष्ट घ्या. 1970 च्या फायनलला त्यांचा कॅप्टन जॉन सॅटलर, सुरुवातीलाच जबडा मोडला, तसाच शेवटपर्यंत खेळला, मॅनली क्लबला 23-12 हरवलं. 2014 मध्ये सगळे म्हणाले, हा दुसरा सॅटलर. तोच सॅटलर 2023 मध्ये 80 व्या वर्षी गेला, शेवटची वर्षं डिमेन्शियात. हा भाग मात्र कुणी पोरांना सांगत नाही.

रांगडा_गडी:
मेधाताई, असहमत. सॅटलरचा डिमेन्शिया त्या जबड्यामुळेच झाला असं तुम्ही पण छातीठोक सांगू शकत नाही. हाड मोडणं वेगळं आणि मेंदूला मार लागणं वेगळं, दोन्ही एका पोत्यात घालू नका.
आणि त्या माणसाचा निर्णय त्याच्या जागेवरून बघा ना जरा. इंग्लंडमधल्या ड्यूजबरीचं पोरगं, 2007 मध्ये वडील मोटर न्यूरॉन आजाराने गेले, हा 18 चा. तिकडच्या ब्रॅडफर्ड क्लबकडून खेळून 2010 ला सिडनीत आला आणि 2013 पर्यंत चारही भाऊ, सॅम, ल्यूक, जॉर्ज, टॉम, एकाच क्लबच्या जर्सीत. क्लब तरी कसला, 1999 नंतर लीगमधून काढून टाकलेला, लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, कोर्टात लढले, तेव्हा कुठे 2002 ला परत आला. अशा क्लबची 43 वर्षांनी आलेली फायनल आणि पहिल्याच मिनिटाला गाल मोडला म्हणून बेंचवर बसायचं? मी नसतो बसलो.

विश्वास_सांगली:
रग्बीतलं मला फार कळत नाही पण मी कोपऱ्यावरून कबड्डी खेळलोय, 14 वर्षं, त्यामुळे धडक काय असते ते कळतं. एका गावच्या स्पर्धेत पकड करताना खांदा निखळला, मंडळाच्या लोकांनी मैदानाकडेलाच बसवला, चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाले फायनल आहे, जा. मी गेलो, जिंकलो पण, गावात मिरवणूक निघाली. आज उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट घालायला बायको मदत करते. मिरवणुकीतलं एक माणूस नंतर दवाखान्यात बघायला आलं नाही. बर्जेसला निदान मेडल मिळालं.

मेधा_फिजिओ:
विश्वासदादा, हेच तर सांगतेय मी. रांगडा, तुम्ही "त्याचा निर्णय" म्हणता. 83 हजार लोक ओरडताहेत, 43 वर्षं वाट बघितलेली, भाऊ शेजारी उभे, त्यात 25 वर्षांचा पोरगा "मला बाहेर काढा" म्हणू शकतो का? म्हणून निर्णय डॉक्टरचाच हवा. आता डोक्याला मार लागला की बाहेर काढून तपासतात, नापास झाला तर त्या दिवशी परत मैदान नाही. हाडाबाबत अजून पुष्कळसं खेळाडूच्या छातीवर सोडलंय.

अनिकेत_लीड्स:
तुम्ही सगळे त्या 80 मिनिटांतच अडकलात. माझ्या मते त्याचं खरं नुकसान त्यानंतर झालं. त्या फायनलनंतर तो इंग्लंडला रग्बी युनियन (15 जणांचा, वेगळ्या नियमांचा रग्बी) खेळायला गेला, बाथ क्लबने त्याला फ्लँकरला (फॉरवर्डची जागा) खेळवलं आणि इंग्लंडने वर्ल्ड कपला सेंटरला (मागच्या फळीतली जागा), म्हणजे क्लबला एक काम आणि देशाला दुसरं. 2015 ला इंग्लंड घरच्याच वर्ल्ड कपमध्ये गटातच बाहेर, आणि खापर बरंचसं याच्यावर. खरं म्हणजे लीगचा फॉरवर्ड वर्षभरात युनियनचा सेंटर होत नसतो. 2016 ला परत साऊथ्सला आला, 2017 ला लीगच्या वर्ल्ड कप फायनलला ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला फक्त 6-0 ने हरवलं, त्यात तो होता. ऐन भरातलं वर्ष फुकट गेलं ते गालामुळे नाही.

रांगडा_गडी:
अनिकेत +1. आणि मेधाताई, त्याने खेळ सोडला तो कडवट होऊन नाही, 2024 ला इंग्लंडच्या वॉरिंग्टन क्लबचा कोच म्हणून वेम्बलीला चॅलेंज कप (तिकडची रग्बी लीगची नॉकआउट स्पर्धा) फायनलपर्यंत टीम नेली, विगनकडून हरले ती गोष्ट वेगळी.

नंदू_सिडनी:
सगळं वाचलं. विश्वास, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. पोरगा स्वतः अंडर-14 मध्ये सेकंड रो (फॉरवर्डचीच एक जागा) खेळतो. गेल्या सीझनला त्याचं नाक फुटलं, रक्त थांबेना, कोच त्याच्या जागी बदली खेळाडू उतरवत होता आणि मी लाईनवरून ओरडलो, "ऊठ, बर्जेस बघ!" तो उठला आणि खेळला. काल फायनल लावली तेव्हा त्याने पहिली धडक होताच टीव्ही बंद केला. बर्जेस माझ्यासाठी अजूनही मोठाच आहे, ते बदलणार नाही. पण शनिवारी मॅच आहे आणि या वेळी मी लाईनवर गप्प उभा राहणार आहे, तसं त्याला आत्ताच सांगून आलो.