बलेनोचं १.६ एस्टीममध्ये बसवतोय. कॅम स्टॉक ठेवू की घासून घेऊ?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. बाबांची एस्टीम चार वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. बॉडी ठणठणीत, पण १.३ इंजिन तेल पितं. जुन्या बलेनो सेडानचं १५९० सीसीचं इंजिन मिळालं (आताची हॅचबॅक नव्हे). ते गॅरेजमध्ये टेबलावर आहे, हेड (झडपा असतात तो इंजिनाचा वरचा भाग) वेगळं करून ठेवलंय.

मित्र म्हणतो, हेड उघडंच आहे तर कॅम (झडपा उघडणारा दांडा) कोइम्बतूरला पाठवून घासून आण, २७२ डिग्रीचा, म्हणजे झडपा तेवढ्या डिग्री उघड्या ठेवणारा (याला ड्यूरेशन म्हणतात). माझं मत उलटं आहे. मोठं इंजिन घालतोय ते खालच्या टॉर्कसाठी. रोजचा रस्ता डिचोली ते पणजी, महिन्यातून एकदा चोर्ला घाट. मे महिन्यात एसीशिवाय आई गाडीत पाय ठेवणार नाही. ६००० आरपीएमला मी वर्षातून किती वेळा जाणार? तरी जाणकारांनी बोलावं, शिव्यासकट.

लाल_रेषा
शिव्या मीच घालतो. इंजिन बदलायचं आणि कॅम तोच ठेवायचा म्हणजे नवं घर बांधून जुनीच दारं बसवण्यासारखं. बलेनोचं इंजिन ५५०० नंतर धापा टाकतं. सोळा झडपांचं हेड आहे, श्वास घेऊ शकतं, पण कॅम झडपा लवकर मिटतो. २७२ घाल, स्प्रिंगा बदल, ईसीयूला (पेट्रोल किती ते ठरवणारा संगणक) पिगीबॅक म्हणजे जोडडबा लाव. एस्टीम हलकी गाडी आहे, रे. मजा येईल.

फोंड्याचे_गॅरेजवाले
लाल_रेषा, २७२ कुठून मोजलेले? झडप नुसती हलू लागल्यापासून, की १ मिलिमीटर उचलल्यापासून? घासणारे सगळे आकडा सांगतात, मोजायची जागा सांगत नाहीत. तोच कॅम एका कागदावर २७२ असतो, दुसऱ्यावर २३५.

आता साधं गणित. इनटेक नि एक्झॉस्ट दोन्ही २७२, लोबमधलं (कॅमवरच्या उंचवट्यांमधलं) अंतर १०८ डिग्री. दोन ड्यूरेशनच्या बेरजेला चाराने भागा, अंतर वजा करा, दुप्पट करा. ओव्हरलॅप आला ५६ डिग्री. तेच २४० आणि ११० धरा, २० डिग्री. म्हणजे आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) दोन्ही झडपा जवळजवळ तिप्पट वेळ एकत्र उघड्या. जळलेला वायू मागे इनटेकमध्ये येणार, गाडी डुगडुगणार. बाहेरून ऐकायला छान वाटतं, आत बसलेल्या आईला नाही.

आणखी एक. या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे, १.३ चा ७५.५. ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १.३ मध्ये सेकंदाला १७.६ मीटर, यात २१. वरच्या आरपीएमचा कॅम घालायचा तर तो १.३ लाच शोभतो.

लाल_रेषा
२१ मीटरने आभाळ कोसळत नाही काका. नि ओव्हरलॅप जास्त वाटला तर अॅडजस्टेबल पुली घालून कमी करता येतो.

फोंड्याचे_गॅरेजवाले
नाही येत. डबल कॅमच्या हेडमध्ये येतो, तिथे इनटेक नि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे फिरवता येतात. बलेनोत सोळा झडपा असल्या तरी कॅम एकच. पुली फिरवली की इनटेक, एक्झॉस्ट दोन्ही मिळून पुढे-मागे सरकतात. लोबमधलं अंतर घासताना ठरतं, नंतर देवही बदलू शकत नाही.

साखळीचा_झेन
माझी गोष्ट सांगतो, म्हणजे कोणाचे तरी पैसे वाचतील. झेनमध्ये एस्टीमचं इंजिन, घासलेला कॅम, स्प्रिंगा जुन्याच. आयडल ११०० वर नेल्याशिवाय गाडी उभी राहायची नाही. एसी लावला की बंद. व्हॅक्यूम गेज (इनटेकमधली ओढ मोजणारं) लावलं तर पाऱ्याचे जेमतेम ११ इंच, सुई सारखी थरथरत होती. आधी १९ होते. मग अनमोड घाटात उतरताना ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक झाला. त्या दिवसापासून स्टॉक कॅम.

लाल_रेषा
हे पटत नाही. घाटात गिअरमध्ये उतरताना थ्रॉटल बंद, आरपीएम वर. अशा वेळी व्हॅक्यूम भरपूर असतो, कॅम कसाही असो. तुमच्या ब्रेक बूस्टरची (तो व्हॅक्यूमवर चालतो) नळी फाटली असणार.

साखळीचा_झेन
नळी बदलून बघितली. गिअरमध्ये नव्हतो, पुढे मालाचा ट्रक होता. क्लच दाबून, आयडलवर, फूटभर पुढे, ब्रेक, फूटभर पुढे, ब्रेक. तीनचार दाबांत बूस्टरमधला साठा संपला. गोव्यातला घाट असाच उतरतात, पात्रांव, चित्रफितीतल्यासारखा नाही.

लाल_रेषा
बरं, ते मान्य. तरी चूक कॅमची नव्हे, निवडीची. २७२ सोडा. २५० च्या आतबाहेर, लिफ्ट (झडपेची उचल) थोडी वाढवलेली, लोबमधलं अंतर ११२. आयडल शांत राहतं, वरचा श्वासही मोकळा होतो. हे का नको?

फोंड्याचे_गॅरेजवाले
हे आधीच्या बोलण्यापेक्षा शहाणं आहे. पण घासून लिफ्ट वाढते कशी ते लक्षात घ्या. लोबचं टोक उंच होत नाही, खालचा गोल लहान होतो. वरचा कडक थर घासला जातो तो वेगळाच. टॅपेट स्क्रूवाले असतील तर गेज लावून फट भरून काढता येते. हायड्रॉलिक असतील तर त्यांची पोच किती उरते ते बघावं लागतं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात का, झडप पिस्टनच्या किती जवळ येते, हे मोजल्याशिवाय इंजिनाची जोडणी पक्की करू नये. पिस्टनवर पोरांची खेळायची माती चिकटवा, हाताने दोन फेरे फिरवा, ठसा कापून मोजा. इनटेकला २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच तरी हवेत.

आणि ईसीयू? मॅप सेन्सर व्हॅक्यूम वाचून इंजिनावर भार किती ते ठरवतो. व्हॅक्यूम पडला की त्याला वाटतं गाडी चढावर आहे, ओततो पेट्रोल. त्यात आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल), तो मिश्रण पातळ करतो, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. एकाच इंजिनाचे दोघे वेगवेगळे कान ओढणार. ट्यूनिंगचा खर्च कॅमच्या खर्चाहून जास्त होतो हे कोणी सांगत नाही.

पेडण्याहून
कॅमच्या आधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या बदलांबद्दलचं. आरसीवर १.३ आणि बोनेटखाली १.६ असेल तर अपघातात विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर विचारेल.

डिचोलीकर
आरटीओत विचारपूस चालू आहे, त्यावर वेगळा धागा काढतो. गिअरबॉक्स एस्टीमचाच राहणार.

एक विचारू? कॅम नंतर बदलायचा ठरवला तर हेड परत काढावं लागेल का? मित्राचा सगळा जोर "आता उघडं आहे" यावरच आहे.

फोंड्याचे_गॅरेजवाले
नाही. बेल्ट नि रॉकर (कॅमची उचल झडपेला देणारे दांडे) काढले की कॅम निघतो, हेड जागेवरच. उघडं आहे तोवर हेडचीच कामं करा. झडपांची सिलं नवी, झडपा लॅप करा (बैठकीवर घासून बसवा), गाइडमध्ये (झडप सरकते त्या नळीत) खेळ किती ते बघा. कडक स्प्रिंगा आत्ताच घालू नका. स्टॉक कॅमला त्यांची गरज नाही, फुकट लोब झिजतील. आणि मायक्रोमीटर असेल तर सगळे लोब मोजा. भंगारातलं इंजिन आहे, गृहीत काही धरू नका.

डिचोलीकर
मोजले. आणि गंमत बघा. बाकी सगळे लोब ०.०२ मिलिमीटरच्या आत एकसारखे, पण चौथ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट लोब ०.४ ने बुटका. नखाने ओढलं तर खरखर लागते. त्याच्यावरच्या रॉकरला खड्डा.

लाल_रेषा
देव माझ्या बाजूने आहे. तसाही आता स्टॉक राहणार नाही. पाठव कोइम्बतूरला.

फोंड्याचे_गॅरेजवाले
झिजलेल्या लोबला घासून उंच करता येत नाही. सगळे त्याच्या मापाने लहान करावे लागतील, मग कडक थर उरेल का ते घासणाऱ्याला विचारा. मी दुसऱ्या बलेनोचं अख्खं हेड बघितलं असतं, कॅम नि रॉकर सकट. एकाचा कॅम नि दुसऱ्याचे रॉकर एकत्र घालू नका. ते एकमेकांवर घासून बसलेले असतात, जोडी मोडली की आठवड्यात खातात.

डिचोलीकर
म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडे एक हेड आहे म्हणतात, उद्या जातो. चांगलं निघालं तर स्टॉकच. नाही निघालं तर लाल_रेषाचा २५० वाला कागद मागवीन, पण मोजायची जागा लिहून.

फोंड्याचे_गॅरेजवाले
जाताना मायक्रोमीटर घेऊन जा. आणि रॉकर काढलेत तर क्रमाने डब्यात ठेवा, मार्करने नंबर घालून. माझ्या पोराने एकदा सोळाच्या सोळा बादलीत टाकले होते, धुवायला.