मदत हवी आहे: गाजरगवताची ॲलर्जी असलेल्या सासूबाईंसाठी घरचा साबण

उंबरठा

नमस्कार मंडळी. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय साठीच्या पुढे, मुक्काम बार्शी तालुका. उभा जन्म खुरपणीत गेला. पावसाळा सरत आला की मान, पापण्या आणि कोपराची लवण लाल होते. खाजवून खाजवून मानेचं कातडं जाड झालंय. यंदा सोलापुरात त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या लावल्या, 48 तासांनी काढल्या, मग दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. रिपोर्टात दोन नावांपुढे खूण आहे: पार्थेनियम, म्हणजे आपलं गाजरगवत, आणि 'सुगंध मिश्रण'. मलम चालू आहे, त्यात मी हात घालणार नाही. प्रश्न फक्त आंघोळीचा.

प्रदर्शनातून आणलेल्या 'हर्बल' साबणाने आग झाली. म्हणून घरीच करावा म्हणते. कोल्ड प्रोसेसने (तेल न शिजवता, कॉस्टिक मिसळून) साबण केलेत, त्यामुळे कॉस्टिक सोडा कसा हाताळायचा ते माहीत आहे. डोक्यात आहे ते असं: घाण्याचं करडईचं तेल (घरचंच, भरपूर) आणि निम्मं खोबरेल. तेलात कॅलेंड्युलाच्या पाकळ्या मुरवायच्या, पाण्याऐवजी शेळीचं दूध, आणि वासाला गवती चहाचं तेल, अगदी थेंबभर. नैसर्गिकच आहे सगळं.

हे प्रमाण बरोबर आहे का? साबणाचा पीएच 5.5 वर कसा आणायचा? आणि पाणी बोअरचं आहे, भांड्यांवर पांढरा थर धरतो, त्याचं काय करू? बचत गटातल्या बायका म्हणताहेत की जमलं तर 'ॲलर्जीवाल्यांसाठी' म्हणून विकू.

कपिलाषष्ठी

आधी कॅलेंड्युला बाजूला ठेवा! गाजरगवत, कॅलेंड्युला, कॅमोमाइल ही सगळी एकाच, सूर्यफुलाच्या कुळातली. गाजरगवतात त्रास देणारी जी रसायनं आहेत त्यांची भावंडं या कुळात पसरलेली आहेत. गाजरगवत चालत नाही त्या प्रत्येकाला कॅलेंड्युला बाधेलच असं नाही, पण ज्यांना बाधण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यांच्यात आई बसतात. पुस्तकी सल्ला देणाऱ्या परदेशी पाककृतींना हे सुचत नाही, कारण त्यांच्या बांधावर गाजरगवत नसतं. आपल्याकडे ते 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आता कुठे नाही ते विचारा.

गवती चहाही नको. 'सुगंध मिश्रण' म्हणजे कारखान्यातलं काही वेगळं नव्हे. त्या चाचणीत जेरॅनिऑल असतं, ते गुलाबात, रोशा गवतात आणि थोडंफार गवती चहातही सापडतं. युजेनॉल असतं, ते लवंगेत आणि तुळशीत. कातडीला ते बाटलीतून आलं की बागेतून, काही फरक पडत नाही. एकही थेंब घालू नका.

मोहोर

साबणाचं मी सांगते. पीएच 5.5 विसरा. तेल आणि कॉस्टिक यांचा खरा साबण 9 ते 10 च्या आसपासच असतो. आम्ल घालून खाली ओढलात तर साबण फुटतो, वर चरबीचा गोळा येतो. 5.5 लिहिलेल्या वड्या सिंडेटच्या, म्हणजे कृत्रिम धुलाई-द्रव्याच्या, त्यांचा पाया वेगळा, तेल-कॉस्टिकने होत नाहीत.

करडई नको. पारंपरिक करडईत लिनोलिक ॲसिड खूप, वडी लवकर खवट होते आणि केशरी डाग पडतात. ती भाजीला वापरा. खोबरेल निम्मं म्हणजे फेस भरपूर, पण कातडी कोरडी. मी नाजूक कातडीला हे घेते: ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्याचं तेल) 700 ग्रॅम, खोबरेल 250, एरंडेल 50, कॉस्टिक 136 ग्रॅम, पाणी 300. यात साधारण 7 टक्के तेल मोकळं राहतं. वजन काट्यावरच, वाटी-चमच्याने नाही. कॉस्टिक ड्रेन साफ करण्याच्या पुडीतलं घेऊ नका, केमिकलच्या दुकानातून 98 टक्क्यांचं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही (तुम्हाला माहीत असेल, पण इथे नवखेही वाचतात).

बोअरच्या पाण्यावर: त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळून चिकट थर होतो, तो भांड्यावर तसाच अंगावरही बसतो. वरच्या मापाला 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवा आणि कॉस्टिक 6 ग्रॅम वाढवा, म्हणजे 142. थर पुष्कळ कमी होतो. शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घेता आले तर उत्तमच.

वड्या निदान सहा आठवडे वाळू द्या. ऑलिव्ह जास्त असल्याने तीन-चार महिने ठेवलात तर आणखी सौम्य. ओल्या वडीला जीभ लावली आणि करंट लागल्यासारखं झालं तर ती आईंना देऊ नका.

साबुदाणा

शेळीच्या दुधाबद्दल कोणी बोललं नाही. चिरलेल्या, खाजवलेल्या कातडीवर रोज खाण्याचं प्रथिन चोळणं मला पटत नाही. जपानात गव्हाच्या प्रथिनाचा अंश असलेला एक चेहऱ्याचा साबण 2011 मध्ये परत मागवावा लागला होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना पोळी-पावासारखं गव्हाचं काही खाल्ल्यावर ॲलर्जी येऊ लागली. बेसन, मसूरपीठ, ओट यांनाही मी हाच न्याय लावेन. दूध प्यायला ठेवा.

कपिलाषष्ठी

+1. आणि विकण्याबद्दल: भारतात साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे, विक्रीसाठी बनवायला सौंदर्यप्रसाधन नियम 2020 खाली परवाना लागतो. 'ॲलर्जीवाल्यांसाठी' हा शब्द वेष्टनावर तर अजिबात नको. सुगंधाची ॲलर्जी एकाला, लॅनोलिनची (लोकरीतल्या मेणाची) दुसऱ्याला, रबराची तिसऱ्याला. सगळ्यांना चालणारी वडी नसते.

साबणही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरताच. मानेला आणि पापण्यांना नुसतं कोमट पाणी. मुख्य म्हणजे गाजरगवताची धूळ हवेतून येते. शेतातून आल्या आल्या तोंड-मान धुणं आणि लुगडं बदलणं याचा उपयोग वडीपेक्षा जास्त होईल.

उंबरठा

बापरे, माझ्या यादीतलं खोबरेल सोडून सगळं गेलं की! ऑलिव्ह पोमेस सोलापुरातून मागवते. बचत गटाला हा धागा वाचून दाखवते.

एक विचारू? देवघरातले शेवंतीचे हार आई रोज स्वतः गुंफतात. शेवंती त्याच कुळातली का?

कपिलाषष्ठी

हो. झेंडूही. दोन-तीन आठवडे हार दुसऱ्या कोणी करू द्या आणि बोटांकडे, पापण्यांकडे बघा. मोगऱ्याला, जास्वंदीला हरकत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे नक्की सांगा, ते विचारतीलच असं नाही.