क्योतोत मास्टर्ससाठी निघताना: लॅब, शाकाहार, कचरा आणि 'नाही' कसं म्हणायचं?

नदीकाठ

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात क्योतोला निघते आहे. दोन वर्षांचं मास्टर्स, इंजिनिअरिंगची लॅब, सत्र १ ऑक्टोबरपासून. जपानी एन-४ (भाषा परीक्षेची खालून दुसरी पातळी) पर्यंत झालंय. व्हिसा, स्कॉलरशिप, विमान याबद्दल भरपूर माहिती मिळाली, पण रोजच्या वागण्याबद्दल विचारलं की "जपानी लोक फार शिस्तीचे" यापुढे कुणी जात नाही. मला नेमकं हवंय:

लॅबमध्ये सेन्सेइ (प्राध्यापक) आणि सीनियर्सशी कसं बोलायचं, कुठे चुकतं?
मी शाकाहारी आहे (अंडं चालतं) आणि दारू घेत नाही. पोहोचल्यावर दोन आठवड्यांतच लॅबची स्वागत-पार्टी आहे. जावं की टाळावं?
एका खोलीचं अपार्टमेंट घेतलंय. कचऱ्याचं आणि शेजाऱ्यांचं काय?
नोव्हेंबरात लॅबची दोन दिवसांची सहल आहे, मुक्काम ओनसेनच्या (गरम पाण्याच्या झऱ्याच्या) हॉटेलात. सामायिक स्नानगृह म्हणे. मला त्याचं खरंच दडपण आलंय.

---

कोपऱ्यातलं_टेबल

लॅबपुरतं लिहितो, कारण तुमचा दिवस तिथेच जाणार आहे.

एक शब्द आत्ताच पाठ करा: होउ-रेन-सोउ. होउकोकु म्हणजे झालेलं सांगणं, रेनराकु म्हणजे बदल कळवणं, सोउदान म्हणजे अडलं की विचारणं. तिन्हींची सुरुवातीची अक्षरं जोडली की 'पालक' या भाजीचं जपानी नाव तयार होतं, त्यामुळे तो सगळ्यांच्या तोंडी बसलाय. आपल्याकडच्या हुशार मुलांचं इथेच बिनसतं. प्रयोग बिघडला की "आधी दुरुस्त करू, मग सांगू" असं म्हणत आठवडा घालवतात. तिथे चूक झाल्याचं जितकं लागत नाही तितकं ती उशिरा कळल्याचं लागतं, कारण त्या यंत्रावर पुढचं बुकिंग दुसऱ्या कुणाचं असतं. बिघाड झाला तर त्याच दिवशी, अर्धवट माहिती असली तरी, आधी सेनपाइला (सीनियरला) आणि मग सेन्सेइंना कळवा.

ताप आला, उशीर होतोय, तर ठरलेल्या वेळेच्या आधी निरोप गेला पाहिजे. वेळ उलटून गेल्यावर कारण कितीही खरं असलं तरी ते सबब वाटतं. बऱ्याच लॅबमध्ये 'कोअर टाइम' असतो, म्हणजे अमुक ते अमुक वेळेत हजर असायचं. तुमच्या लॅबचा कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. यंत्राची नोंदवही आणि सफाईची पाळी कुणाकडे असते, तेही.

मेलचा साचा ठरलेला आहे. विषयात मुद्दा आणि तुमचं नाव. पहिल्या ओळीत आडनाव आणि सेन्सेइ. "हाय" नाही, 'सान' तर नाहीच. मग आपण कोण: मास्टर्स पहिलं वर्ष, अमुक. मग "ओसेवा नि नात्ते ओरिमासु" (आपल्या मदतीबद्दल आभारी आहे). मग मुद्दा, शक्यतो तीन-चार ओळींत. शेवटी "योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु" (कृपया लक्ष असू द्या). सेन्सेइंचं उत्तर एका ओळीचं येईल, त्यात कोरडेपणा शोधू नका.

संध्याकाळी निघताना "ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु", म्हणजे तुमच्या आधी निघते, माफ करा. मागे राहिलेले म्हणतील "ओत्सुकारेसामा देसु" (दमलात, छान काम केलंत). याचाच जुळा भाऊ "गोकुरोउसामा" हा वरच्याने खालच्याला म्हणायचा असतो. सीनियरला तो चुकूनही म्हणू नका.

आता 'नाही'बद्दल. समोरचा "चोत्तो मुझुकाशिइ देसु ने" (जरा अवघड आहे) म्हणाला तर ते नाहीच आहे. पुन्हा विचारू नका. "केन्तोउ शिमासु" (विचार करतो) हेही बहुतेक वेळा नकाराकडेच झुकलेलं. आणि तुम्ही बोलत असताना येणारा "हाइ, हाइ" म्हणजे "ऐकतोय", होकार नव्हे. सेमिनारमध्ये सेन्सेइंनी दहा वेळा "हाइ" म्हटलं म्हणून योजना मंजूर झाली असं धरून बरेच जण कामाला लागतात आणि पुढच्या मीटिंगला तोंडघशी पडतात. शेवटी स्पष्ट विचारा: "या पद्धतीने पुढे जाऊ का?"

---

हिंगडबी

पार्टीला जा. स्वागताची पार्टी (कानगेइकाइ) टाळलीत तर लोक रागावणार नाहीत, पण सेनपाइंशी मोकळं बोलायची पहिली संधी जाईल. लॅबच्या खोलीत जे कुणी सांगत नाही ते तिथे सांगतात.

खाण्याचा प्रश्न टेबलावर बसून सुटत नाही, चार-पाच दिवस आधी सुटतो. पार्टीची जबाबदारी एका विद्यार्थ्यावर असते, त्याला 'कान्जि' म्हणतात. लॅबच्या लाइन (तिथलं मेसेजिंग अ‍ॅप) ग्रुपवर "येणार का?" असा त्याचा मेसेज येईल. होकारासोबतच हे लिहा:

"निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन. कात्सुओ दाशि मो ताबेरारेमासेन. तामागो तो ग्यूउन्यूउ वा दाइजोउबु देसु."

मांस-मासे चालत नाहीत, सुक्या बोनिटो माशाचा अर्कही (दाशि) नाही, अंडं-दूध चालतं. नुसतं "बेजितारिआन" म्हणू नका. त्या शब्दाने समोर येते ती भाज्यांची थाळी, वरून सुक्या माशाचे पापुद्रे भुरभुरलेली, आणि देणाऱ्याला आपण नीट केलं असंच वाटतं. त्याची चूक नसते; त्याच्या लेखी दाशि हा मासा नसून चव आहे. म्हणून पदार्थांची नावं घ्यायची. जेवण बहुधा 'कोर्स' असतं, माणशी आगाऊ ठरवलेलं, म्हणून दुकानाला बदल आधीच कळावा लागतो. ऐनवेळी गळलात तर तुमच्या ताटाचे पैसे कान्जिच्या गळ्यात पडू शकतात.

दारूचं सोपं आहे. कायद्याने वय २० लागतं (सज्ञान होण्याचं वय २०२२ मध्ये १८ झालं, दारूचं नाही), त्यामुळे टेबलावर न पिणारे असतातच. "उउरोन-चा" (ऊलाँग चहा) मागवा. "कानपाइ" (चिअर्स) होईपर्यंत ग्लासला ओठ लावायचे नाहीत. शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला की तुम्ही ओता, दोन्ही हातांनी बाटली धरून. तुमचा ग्लास भरलेला राहिला की कुणी आग्रह करत नाही; रिकामा ग्लास म्हणजे "ओता" असं निमंत्रण. दारू न घेताही वर्गणी सारखीच पडू शकते, त्यावर तिथे घासाघीस नको. नवीन आलेल्यांकडून स्वागताच्या पार्टीत पुष्कळदा पैसे घेतच नाहीत. पहिली बैठक संपली की 'निजिकाइ' म्हणजे दुसऱ्या ठिकाणी जाणं होतं. तिथून रजा घेणं अगदी रूढ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेइंना आणि कान्जिला "किनोउ वा आरिगातोउ गोझाइमाशिता" (कालबद्दल आभार) म्हणायला मात्र विसरू नका. हे एक वाक्य पार्टीत हजर राहण्याइतकंच मोजलं जातं.

आता रोजचं. दाशि कुठे लपलेला असतो: मिसो सूप, उदोन-सोबा नूडल्सचं पाणी, सोबाबरोबर येणारं थंड त्सुयु (बुडवून खायचा सॉस), गोडसर अंड्याची वळकटी, इनारीझुशीची भात भरलेली, तळलेल्या तोफूची पिशवी. कन्व्हिनिअन्स स्टोअरच्या उमेबोशी ओनिगिरीतही (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) बऱ्याचदा कात्सुओचा अर्क सापडतो. नात्तोचं (आंबवलेले सोयाबीन) पाकीट उघडलंत की आत सॉसची इवलीशी पुडी असते, मासा तिथे असतो. पुडी बाजूला ठेवा, सोया सॉस घाला, नात्तो तुमचा. थंड तोफूवर वरून माशाचे पापुद्रे असतात, "कात्सुओबुशि नुकि दे" (ते पापुद्रे नकोत) म्हणा. भाज्यांचं चित्र असलेल्या करी-वडीत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते.

पाकिटावर भरवसा ठेवण्यात एक मेख आहे. अंडं आणि दूध यांची नोंद छापणं कायद्याने सक्तीचं आहे. बीफ, पोर्क, चिकन आणि जिलेटिन यांची नोंद मात्र 'करावी' अशी शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून अलर्जीचा चौकोन बघून थांबू नका, घटकांची पूर्ण यादी वाचा. ग्यूउशि (गाईची चरबी), रादो (डुकराची), झेराचिन आणि शेवटी 'एकिसु' (अर्क) असलेला कुठलाही शब्द ओळखायला शिका. फोनच्या कॅमेऱ्यात भाषांतर येतं, पण हे चार शब्द डोळ्यांना ओळखता आले की खरेदी निम्म्या वेळात होते.

घरी सूप करायचं तर कोम्बु (सुकवलेलं समुद्री शैवाल) घ्या: एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, रात्रभर भिजवून ठेवा. सोबत दोन सुके शिइताके (मशरूम) टाकले तर चव भरते. क्योतोच्या बौद्ध मठांचं शोजिन जेवण याच दोघांवर उभं आहे, त्यात मांस-मासे नसतातच. महाग पडतं, पण एकदा जाऊन खाच. शाकाहार त्या शहराला परका नाही, हे तिथे जिभेला कळतं.

काड्यांच्या दोनच गोष्टी खरंच टाळायच्या: भातात काड्या उभ्या रोवणं (मृतासाठी ठेवलेल्या भातात तशा असतात) आणि काडीने काडीला घास देणं (दहनानंतर अस्थी तशा उचलतात). बाकी चुका कुणी मनावर घेत नाही.

---

पानगळ

कचरा. क्योतो शहराची पद्धत सांगते, दुसऱ्या शहरातल्या मित्राचं ऐकून करू नका, पिशवीचा रंगसुद्धा बदलतो.

जळणारा कचरा पिवळ्या पिशवीत, आठवड्यातून दोनदा. डबे, काचेच्या बाटल्या आणि पेट (पाण्याच्या प्लास्टिकच्या) बाटल्या एकत्र पारदर्शक पिशवीत, आठवड्यातून एकदा. प्लास्टिक वेगळ्या पारदर्शक पिशवीत, तेही एकदा. पिशव्या शहराने ठरवलेल्याच लागतात, सुपरमार्केट आणि कन्व्हिनिअन्स स्टोअरमध्ये मिळतात. पिवळीचा दर लिटरला १ येन, म्हणजे ४५ लिटरची पिशवी ४५ येनला. एकट्या माणसाने १० किंवा २० लिटरच्या घ्याव्यात, मोठी भरेपर्यंत वास सुटतो. वार तुमच्या गल्लीवर ठरतात, घरमालकाकडून तक्ता घ्या.

सकाळी ८ च्या आत ठेवायचं. रात्री ठेवलं तर कावळे फोडतात. पिशवी कचऱ्याच्या जागेवरच्या जाळीखाली पूर्ण ढकला आणि जाळीची कड पुन्हा दाबा. पेट बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढून प्लास्टिकमध्ये, बाटली विसळून चेपून बाटल्यांत. चुकीची पिशवी गाडी उचलत नाही, कारणाचा स्टिकर लावून तिथेच सोडते, आणि ती कुणाची हे मजल्यावर सगळ्यांना कळतं. उचलून घरी आणा, नीट वेगळं करा, पुढच्या वारी ठेवा.

तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. ते घट्ट करणारी पावडर मिळते, गरम तेलात ढवळायची, गार झाल्यावर वडी होते ती पिवळ्या पिशवीत. शिवाय क्योतोत वापरलेलं तेल गोळा करायची केंद्रं आहेत, त्यापासून इंधन बनतं. फोडणी देताना एक्झॉस्ट पंखा आधी सुरू करा, मोहरी तडतडल्यावर नव्हे.

शेजारी: भिंती पातळ असतात. रात्री १० नंतर वॉशिंग मशीन, मिक्सर, स्पीकरवर घरचा फोन, काहीच नको. नवीन आल्यावर शेजाऱ्यांना छोटी भेट देण्याची रीत आहे, पण एकट्या भाडेकरूंच्या इमारतीत ती विरळ झालीय, आणि एकट्या मुलीने दारोदार जाऊन आपण एकट्या राहतो हे सांगू नये. जिन्यात दिसेल त्याला "कोन्निचिवा" पुरतं.

मुक्काम ठरला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा. आरोग्य विम्याचं त्याच फेरीत होतं, त्यानंतर दवाखान्यात साधारण ३० टक्के तुमचे. सायकल घेतलीत तर पोलीस नोंदणी (बोउहान तोउरोकु) तुमच्या नावावर हवी. सीनियरने जाताना दिलेली जुनी सायकल नाव न बदलता वापरली की रस्त्यात अडवल्यावर ती चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. सायकलचा विमा क्योतोत सक्तीचा आहे. छत्री धरून सायकल चालवू नका.

---

नदीकाठ

तिघांचेही मनापासून आभार, यादी लिहून घेतली. ओनसेनबद्दल कुणी सांगाल? आणि लॅबला नेण्यासाठी काजूकतली घेतेय, चालेल ना?

---

पानगळ

ओनसेन आधी. स्त्री-पुरुषांचे भाग पूर्ण वेगळे असतात; पडद्यावरचा रंग आणि अक्षर बघा, स्त्रियांचा बहुधा लाल. काही हॉटेलांत सकाळ-संध्याकाळ बाजू बदलतात, तेव्हा दर वेळी बघूनच आत जा. कपडे, कपडे बदलायच्या खोलीतल्या टोपलीत, मोठा टॉवेलही तिथेच. आत फक्त छोटा टॉवेल न्यायचा. पोहण्याचे कपडे चालत नाहीत. नळासमोर बुटक्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचं, फेस राहू द्यायचा नाही, उठताना स्टूल विसळून ठेवायचं. केस वर बांधायचे. मग कुंडात उतरायचं, आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. डोक्यावर किंवा काठावर. पाणी ४०-४२ अंशांच्या आसपास असतं, पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे, झटकन उठलं की गरगरतं. बाहेर येण्याआधी त्याच टॉवेलने अंग टिपा, कपड्यांच्या खोलीची जमीन ओली करायची नसते.

कुणी कुणाकडे बघत नाही, हे खरं आहे. तरी नको वाटलं तर नको. पाळी असेल तर सामायिक कुंडात उतरतच नाहीत, त्यामुळे न जाणाऱ्या मुली असतातच, कारण कुणी विचारत नाही. खोलीत स्वतंत्र शॉवर आहे का हे सहल आखणाऱ्या मुलीला आठवडाभर आधी विचारा. हातावर मेंदी असेल तर ती टॅटू समजली जाऊ शकते आणि पुष्कळ ओनसेनांत टॅटूला मनाई असते. सहलीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत काढू नका.

---

हिंगडबी

काजूकतली चालेल, पण एका डब्यात रचलेली नको. तिथे वाटायचा खाऊ एकेक वेगळा गुंडाळलेला लागतो, कारण जो तो आपल्या वेळेने टेबलावरून उचलतो आणि बरेच जण घरी नेतात. लॅबची डोकी मोजा, त्यात सेन्सेइ, सेक्रेटरी धरा, वर तीन-चार जास्त. सेन्सेइंचा वाटा त्यांच्या हातात द्या, दोन्ही हातांनी. बाकीचं सामायिक टेबलावर, सोबत चिठ्ठी: "इन्दो नो ओकाशि देसु. काश्यूउ नात्त्सु तो ग्यूउन्यूउ गा हाइत्ते इमासु. गोजियूउ नि दोउझो." (भारतीय मिठाई आहे, काजू आणि दूध आहे, मोकळेपणाने घ्या.) काजू आणि दूध आहे हे लिहायचंच, काजूची अलर्जी जोरदार असते. दूध नसेल तर तो शब्द गाळा. खाली तुमचं नाव आणि कधीपर्यंत टिकेल ती तारीख घाला.