तिसरी-चौथीची मुलं, शनिवारचे दोन तास आणि विज्ञान. काय करू?

शनिवारवाली
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतली ८-९ मुलं दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे येतात, सगळी तिसरी-चौथीतली. जूनपासून सुरू केलंय. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी झाला, बाटलीवर फुगा फुगवून झाला, ऑनलाइन मागवलेलं बाराशे रुपयांचं किट पण झालं. मुलं खूश असतात, परत करा परत करा म्हणून ओरडतात. पण गेल्या शनिवारी मी विचारलं की फेस का आला असेल, तर सगळे गप्प, आणि एक मुलगी वही उघडून म्हणाली, "काकू तुम्ही सांगा ना, मी लिहून घेते." ते मला फार लागलं हो. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात झाडं, प्राणी, ऋतू सगळं आहे पण मुलांनी त्यातलं स्वतः काहीच बघितलेलं नाही. आम्ही नाशिकला, गच्ची आहे, खाली थोडी झाडं आहेत, खर्च फार नको. कुणी असं काही केलंय का?

परसबाग
ताई, खाली कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड आहे का ते आधी बघा. असेल तर किट बिट काही नको. आत्ता पावसाळ्यात कोवळ्या पानांवर फुलपाखराची मोहरीपेक्षाही लहान, पिवळट गोल अंडी सापडतात, एकेक सुटी घातलेली. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळी-पांढरी, त्यामुळे मुलं पहिल्यांदा तिला शीटच समजून सोडून देतात. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तेव्हा काडीने हळूच टोचलं की डोक्यामागून केशरी, दोन फाटे असलेलं शिंग बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की आमच्याकडची सगळी पोरं एकदम मागे सरकली होती, आणि मग लगेच परत पुढे.

काचेच्या बरणीत खाली वर्तमानपत्र, फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत (बाटलीचं तोंड कापसाने बंद करा नाहीतर अळी आत पडून बुडते), वर मच्छरदाणीचं कापड. आता खरं काम. रोज कागदावरच्या लेंड्या मोजायच्या आणि अळी पट्टीने मोजायची, हात न लावता. आमच्याकडे एका मुलाने लेंड्यांचा आकार पण काढून ठेवला होता, पहिल्या दिवशी टिंबाएवढी आणि शेवटी मिऱ्याएवढी. मग एक दिवस अळी खाणं सोडते, पातळ हगते आणि बरणीभर सैरावैरा फिरायला लागते. मुलं म्हणाली आजारी पडली. मी सांगितलं नाही काही. दुसऱ्या दिवशी कमरेला रेशमाचा एक धागा बांधून काडीला टेकून बसली होती, आणि नंतर कोष. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना धरा.

आणि हो, एखाद्या कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीचे बारीक बारीक कीटक बाहेर येतात, त्यांच्या आईने त्यात अंडी घातलेली असतात. आमच्याकडे झालं तेव्हा दोघं रडली. मी बरणी लपवली नाही. त्या दिवशी जेवढे प्रश्न आले तेवढे वर्षभरात आले नव्हते. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ ला जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, त्याची अळी पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते.

झेडपी_मास्तर
परसबाग यांनी मस्त लिहिलंय. मी पुणे जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. पाऊस थांबला की गच्चीवर एक काठी उभी करा, मीटरभर, आणि दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर खडूची खूण. आधी मुलांना विचारा, सावली सगळ्यात लहान कधी? सगळी म्हणतात बाराला, मोठी माणसं पण तेच म्हणतात. मोजलं की कळतं आपल्याकडे ती बाराच्या बरीच पुढे होते, कारण घड्याळ आपण उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून लावतो आणि आपण तिथून बरेच पश्चिमेला आहोत. हे मी नुसतं सांगितलं असतं तर ऐकून विसरली असती. आणि ही खूण दर महिन्याला करा. डिसेंबरात भर दुपारी आमच्याकडे मीटरच्या काठीची सावली जवळजवळ ९० सेंटीमीटर पडते. मेच्या मध्यावर एक दिवस भर दुपारी काठीला सावलीच नसते, नाशिकला तो दिवस आमच्यानंतर पाचसहा दिवसांनी येतो. सुट्टीत असतो, पण तुमची मुलं सोसायटीतच आहेत त्यामुळे जमेल. जुलैत परत येतो पण तेव्हा ढग.

पावसात घरात बसून करायचं तर काडेपेटीच्या काड्या (गुल काढून) आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे तुकडे. त्रिकोण करा, चौकोन करा आणि दाबून बघायला द्या. चौकोन लगेच वाकतो, त्रिकोण हलत नाही. मग चौकोन सरळ उभा कसा ठेवायचा ते त्यांनीच शोधायचं, आमच्या चौथीतल्या मुलीने तिरकी काडी घातली आणि म्हणाली गुरुजी मोबाईलच्या टॉवरला पण असंच असतं. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी हे खेळ शोधलेत, १९७८ च्या सुमाराला मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात असताना, त्यांच्या वेबसाइटवर मराठीतूनही भरपूर आहे, फुकट.

मोडआलेली_मटकी
माझा छोटा सल्ला. चार वाट्या मटकी. एक कोरडी, एक ओल्या फडक्यात उजेडात, एक ओल्या फडक्यात बंद कपाटात, एक पूर्ण पाण्यात बुडवून. आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा. आमच्या घरी सगळ्यांनी कपाटातली वाटी फुकट जाणार असं लिहिलं होतं कारण शाळेत शिकवलंय झाडाला ऊन लागतं. तिला छान मोड आले! बुडवलेल्या वाटीला मात्र वास सुटला. मग पुढे पेरल्यावर अंधारातली रोपं लांबच लांब आणि पिवळी.

परसबाग
एक राहिलं. गुळगुळीत अळी ठीक, पण केसाळ सुरवंटाला हात नाही म्हणजे नाही. २०२२ मध्ये विषारी काट्यांच्या घोणस अळीने उसात, गवतात काम करणाऱ्या शेतकऱ्यांना किती त्रास झाला होता आठवत असेल. रुईच्या झाडावर पण छान अळ्या असतात, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर वाईट, तिथे मोठं माणूस हवंच. आणि कढीपत्त्यावर औषध फवारलंय का ते माळीदादांना विचारून घ्या, नाहीतर अळ्या दोन दिवसांत मरतात.

शनिवारवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय. कढीपत्ता आहे, माळीकाकांना सांगून एक झाड फवारणीतून सोडवून घेतलं. तीन अळ्या बरणीत आहेत. तीच मुलगी, वही घेऊन येणारी, परवा शाळेत जायच्या आधी साडेसहाला बेल वाजवून आली, गणवेशात, एका पायात बूट. म्हणाली, "काकू, काल चोवीस लेंड्या होत्या, आज किती?" मोजल्या, एकतीस. मग तिने विचारलं अळी रात्री झोपते की रात्री पण खाते. मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. आता आज रात्री आठला कागद बदलायचा आणि सकाळी सहाला मोजायचं असं तिनेच ठरवलंय. मास्तर, काठी ऑक्टोबरात उभी करते, व्हॉल्व्ह ट्यूब कुठल्याही सायकलच्या दुकानात मीटरवर मिळेल ना?