सल्ला हवा: चार्ज पंपाचे अप-डाऊन करंट जुळत नाहीत (१८० नॅनोमीटर प्रोसेस, २५० मायक्रोअँपिअरच्या आत)

लॉकात_अडकलेला:
इंटिजर-एन पीएलएल आहे, म्हणजे रेफरन्सच्या पूर्णांक पटीवर आउटपुट लॉक करणारा लूप. त्यातला चार्ज पंप फेजच्या फरकानुसार फिल्टरमध्ये करंट ओततो (अप) किंवा काढतो (डाऊन), आणि त्यातून बनणाऱ्या कंट्रोल व्होल्टेजवर आउटपुट ठरतं. रेफरन्स २५ मेगाहर्ट्झ, आउटपुट ८०० मेगाहर्ट्झ, सप्लाय १.८ व्होल्ट, पंपाचा करंट १०० मायक्रोअँपिअर. दोन्ही स्विच चालू ठेवून कंट्रोल व्होल्टेज स्वीप केलं. ०.९ व्होल्टला अप-डाऊन जुळतात, ०.४ आणि १.४ ला १२ टक्के फरक पडतो. पीएफडीचा (फेजचा फरक ओळखणाऱ्या भागाचा) रीसेट डिले, म्हणजे दोन्ही स्विच एकदम चालू राहतात तो वेळ, ६०० पिकोसेकंद, म्हणजे लॉकमध्ये ७२ पिकोसेकंदांचा स्थिर फेज एरर. मला १५ च्या आत हवाय. बायस धरून पूर्ण पंपाला २५० मायक्रोअँपिअर, त्यातले १५० आत्ताच संपलेत. ऑपॅम्प (ऑपरेशनल अँप्लिफायर) शक्यतो नको.

रेप्लिकाभक्त:
ऑपॅम्प घाला. पंपाची हुबेहूब रेप्लिका शाखा करा, तिचे स्विच कायम चालू. ऑपॅम्प तिच्या मधल्या नोडची कंट्रोल व्होल्टेजशी तुलना करून पीमॉसचं (अप करंट देणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) गेट हलवतो. इनपुट रेल-टू-रेल (सप्लायच्या दोन्ही टोकांपर्यंत चालणारं) घ्या, नाहीतर कडेला पुन्हा तेच रडगाणं. मी दुसरं काही वापरतच नाही.

लॉकात_अडकलेला:
रेप्लिकाचे १०० धरले की २५० तिथेच संपले. ऑपॅम्प काय हवेवर चालवू?

चिपवाला:
एवढा खटाटोप कशाला? एडीएफ४००२ ही तयार पीएलएल चिप घ्या. ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लावला की ५ मिलिअँपिअर, सिंक-सोर्स (म्हणजे डाऊन-अप) मॅचिंग टिपिकल २ टक्के, तेही डेटाशीटमध्ये छापलेलं.

लॉकात_अडकलेला:
अहो, पंप सिलिकॉनमध्येच करायचाय. शिवाय ती चिप ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचीच.

गळती:
करंट मॅचिंगच्या मागे लागण्याआधी लीकेज बघा. १० नॅनोअँपिअर गळले तर १०० मायक्रोच्या पंपात ४० नॅनोसेकंदांच्या पिरियडचा दहा हजारावा भाग जातो, ४ पिकोसेकंद. फिल्टरचे कपॅसिटर मॉस आहेत का?

रेप्लिकाभक्त:
१८० मध्ये गेट लीकेज कसलं? ती ६५ नॅनोमीटरची दुखणी.

गळती:
गेटचं म्हणतंय कोण? बंद स्विच आणि ड्रेन जंक्शन १२५ अंशांना तपासा म्हणतोय.

सोर्सस्विच:
स्विच कुठे बसवलाय ते कुणी विचारलंच नाही. ट्रान्झिस्टरच्या ड्रेनला (आउटपुटच्या बाजूला) असेल तर बंद असताना करंट सोर्सचा नोड रेलला जातो, आणि चालू होताच तो चार्ज फिल्टरमध्ये सांडतो. डीसी स्वीपमध्ये हे दिसायचं नाही. स्विच सोर्सला (रेलच्या बाजूला) हलवा. पीमॉसच्या अप सिग्नलला एक इन्व्हर्टर जास्त लागतो, तेवढाच डिले डाऊनच्या वाटेत कायम चालू ट्रान्समिशन गेट टाकून भरा. मग पीएफडीच्या दोन्ही कडा एकत्र देऊन ट्रान्झियंट (वेळेनुसारचं) सिम्युलेशन चालवा आणि एका पिरियडचा निव्वळ चार्ज मोजा. खरा आकडा तोच.

चिपवाला:
+१, स्विच सोर्सलाच.

मिलिव्होल्ट:
ऑपॅम्पवाल्यांनी एक सांगितलं नाही. तो फक्त ड्रेन व्होल्टेजमुळे पडणारा फरक मारतो, रँडम मिसमॅच जसाच्या तसा राहतो. पेलग्रोमचा १९८९ चा नियम लावा: क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रँडम फरक घटतो. एव्हीटी (त्या नियमातला प्रोसेसचा स्थिरांक) ४ मिलिव्होल्ट-मायक्रॉन आणि गेटचं क्षेत्रफळ २० चौरस मायक्रॉन धरलं, तर जोडीच्या थ्रेशोल्डमधल्या फरकाचा सिग्मा (प्रमाण विचलन) ०.९ मिलिव्होल्ट. ओव्हरड्राइव्ह (गेट व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितकं वर) ०.३ व्होल्ट असेल तर करंटमध्ये ०.६ टक्के. एनमॉस आणि पीमॉस, दोन्ही आरसे (करंट मिरर) मिळून ०.८५. तीन सिग्मा २.५ टक्के. हे निम्मं करायचं तर क्षेत्रफळ चौपट.
आणि ऑपॅम्प घेतलाच तर रेप्लिकाचा नोड प्लसला, कंट्रोल मायनसला. उलटं जोडलं तर लूप रेलला जाऊन चिकटतो. रेप्लिका पाव आकाराची चालते, २५ मायक्रोअँपिअर. ऑपॅम्पला ४० दिले तरी एकूण २१५, बजेटमध्ये बसतं.

रेप्लिकाभक्त:
तेच तर मी म्हणत होतो, ऑपॅम्प घाला.

मिलिव्होल्ट:
तुम्ही पूर्ण आकाराची सांगितली होती.

लॉकात_अडकलेला:
सगळ्यांचे आभार. ठरलं, ऑपॅम्प नाही. चिपवाल्यांच्या डेटाशीटमुळेच सुचलं: तो २ टक्क्यांचा आकडासुद्धा दोन्ही रेलपासून अर्धा व्होल्ट आत राहिलं तरच लागू आहे. मग मी तरी टोकापर्यंत का जाऊ? व्हीसीओला (आउटपुट देणाऱ्या ऑसिलेटरला) वारंवारता टप्प्याटप्प्याने बदलणारी ४ बिटांची कपॅसिटर बँक घालतो, कंट्रोल ०.७ ते १.१ मध्येच फिरेल. तिथे फरक ४ टक्के. रीसेट डिले ३०० वर आणला की १२ पिकोसेकंद. झालं काम.

मिलिव्होल्ट:
माझे २.५ कुठे गेले? ६.५ टक्क्यांनी १९.५ होतात.

लॉकात_अडकलेला:
बरोबर, ते विसरलो. मग डिले २२० करतो, १४.३.

सोर्सस्विच:
२२० मध्ये स्लो कॉर्नर (सगळ्यात मंद ट्रान्झिस्टर), १२५ अंशांना तुमचा करंट पूर्ण १०० पर्यंत चढतो का? नाही चढला तर डेड झोन (छोटा फेज एरर पंपाला दिसतच नाही ती पट्टी) परत येईल, मग बसा जिटर (कडांची थरथर) मोजत. आणि शेजारच्या बँक कोडांच्या पट्ट्या एकमेकींवर पुरेशा चढू द्या, नाहीतर तापमान सरकलं की कंट्रोल १.१ च्या बाहेर.

लॉकात_अडकलेला:
आज रात्री ट्रान्झियंट लावतो. स्विच आत्ता ड्रेनलाच आहे.

सोर्सस्विच:
🤦