निकाल ९० टक्के, मग प्रवेश घेतलेली निम्मी मुलं गेली कुठे?

माळरान
निकाल लागले की महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स झळकतो: तृतीय वर्ष बी.ए., निकाल ९० टक्के. आकडा खोटा नसतो. पण तो काढलेला असतो शेवटच्या परीक्षेला बसलेल्या मुलांवर. समजा, तीन वर्षांपूर्वी १२० जणांनी प्रवेश घेतला, शेवटच्या परीक्षेला ६२ बसले, ५६ पास झाले. फ्लेक्सवर ९० टक्के लागले. प्रवेशाच्या यादीवरून मोजलं तर ४७ टक्केही भरत नाहीत. मधले ५८ जण कुठल्याच हिशेबात नाहीत. परीक्षेलाच बसले नाहीत, म्हणून नापासांतही नाहीत.

माझी मागणी एकच आहे. प्रत्येक महाविद्यालयानं प्रवेशाची यादी धरून सांगावं की यातले किती दुसऱ्या वर्षाला आले आणि किती वेळेत पदवीधर झाले. विषयवार सांगावं, मुलं-मुली वेगळे दाखवून सांगावं, आणि दरवर्षी सांगावं.

मी तालुक्याच्या गावी पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे वर्ग विरळ होतो तो दिवाळीनंतर. घरचे ऊसतोडीला जातात, मग धाकट्या भावंडांपाशी थांबायला मोठी मुलगी लागते. कुणाचे परीक्षा फॉर्मचे पैसे जमत नाहीत, कारण शिष्यवृत्ती खात्यावर आलेली नसते. कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर जातो. काहींचं लग्न ठरतं. हे सगळं आम्हाला ठाऊक असतं, पण एका कागदावर कुठेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत प्रश्न विचारला गेला, म्हणून निदान एवढं तरी कळलं की केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींची १३,६२६ मुलं बाहेर पडली. आमच्या बी.ए.च्या मुलांबद्दल असा प्रश्न कोण विचारणार?

आकडेमोड
कळकळ पोहोचली, पण मागणी घाईची आहे. बाहेर पडला म्हणजे शिक्षण सुटलं असं नसतं. लोकसभेतल्या त्याच उत्तरात सरकारनं म्हटलं होतं की मुलं दुसऱ्या संस्थेत किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाला जातात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं तर हे नेहमीचं चित्र. हातात काहीतरी असावं म्हणून प्रवेश घ्यायचा आणि फार्मसी, नर्सिंग, इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, नंबर लागला की दाखला काढून जायचं. तुमच्या हिशेबात ही सगळी गळती धरली जाईल.

दुसरं, हा आकडा अगदीच कुठे नाही हेही खरं नाही. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीला, बसणाऱ्या संस्थांना पहिल्या वर्षाचे प्रवेश आणि ठरलेल्या मुदतीत पदवी घेतलेले अशा दोन्ही संख्या द्याव्या लागतात, आणि तो तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. विद्यापीठांसाठी ८० टक्के मुलं मुदतीत पास झाली तर त्या निकषाचे पूर्ण गुण मिळतात.

माळरान
एनआयआरएफला बसते ती संस्था, जिला क्रमांकाची आशा असते. आमच्यासारखी किती महाविद्यालयं त्यात उतरतात? आणि दाखला काढून गेलेला मुलगा रजिस्टरमध्ये दिसतोच. त्याला वेगळ्या रकान्यात लिहा, माझी हरकत नाही. मी बोलतेय ते दाखला न काढता गेलेल्यांबद्दल. त्यांची बारावीची मूळ गुणपत्रिका अजून आमच्या कपाटात पडून आहे.

सेवानिवृत्त
३० वर्षं शिकवलं, त्या जोरावर विरोध करतो. एकदा हा आकडा फाटकावर लागला की तो वाढवण्याचा सोपा मार्ग प्राचार्यांना लगेच सापडेल. अंतर्गत ४० गुण आमच्याच हातात असतात. चाचणी न दिलेल्याला हजर दाखवायचं, प्रकल्पाच्या नावावर चार पानं घ्यायची आणि ३५ गुण देऊन मोकळं व्हायचं. आजही दबाव असतो, उद्या त्याला सरकारी शिक्का मिळेल. ज्याला टक्केवारी काढता येत नाही असा वाणिज्य पदवीधर तयार करून आपण त्या मुलाचं काय भलं करतो? अर्धवट सोडलेलं शिक्षण दुःखाचं आहे, पण पोकळ पदवी ही फसवणूक आहे.

सहावं सत्र
सर, मी दोनदा बॅक राहून, म्हणजे विषय मागे राहून, शिकतोय. पोकळ पदवी नको हे मान्य. पण आम्ही अडकतो ते पेपर अवघड म्हणून कमी आणि निकाल वेळेवर नाही म्हणून जास्त. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर येतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकावर पेपर तपासायला घेतले, निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना हटवलं गेलं. त्या मुलांचे पुढचे प्रवेश हुकले, त्याची जबाबदारी कोणत्या टक्केवारीत दिसणार?

रानवारा
मला एक समजत नाही. सोडून जाणं म्हणजे अपयश असंच सगळे का धरून चालले आहेत? नवीन शैक्षणिक धोरणानं हाच डाग पुसलाय. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. मिळवलेली क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, त्यांच्या बँकेत जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत या, एकूण सात वर्षांत पूर्ण करा. ज्याला भरती गाठायची आहे त्याला वर्गात कोंडून ठेवू नका.

माळरान
@रानवारा, नियम पूर्ण वाचा. प्रमाणपत्रासाठी किमान ४० क्रेडिट मिळवलेले हवेत, शिवाय ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम. म्हणजे पहिलं वर्ष नीट पास होऊन थांबणाऱ्यासाठी ती सोय आहे. नोव्हेंबरात गेलेल्या मुलीच्या हातात यातलं काहीच पडत नाही. उलट मला भीती वाटते की उद्या विचारलं तर उत्तर तयार असेल, 'तिनं बहिर्गमनाचा पर्याय निवडला.' तिनं काहीही निवडलेलं नाही.

@सेवानिवृत्त सर, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे. म्हणूनच मी पदवीच्या आधी दुसऱ्या वर्षात आलेल्यांचा आकडा मागते. शिवाय विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे आणि अंतर्गत गुण शेजारी-शेजारी छापा. अंतर्गतला ३५ आणि लेखीला १२ दिसले की कुणालाही कळेल.

अटकेपार
मी न्यूयॉर्कला असते, इथलं उदाहरण देते. इथल्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये दोन वर्षांच्या पदवीसाठी एक योजना सुरू केली, तिला एएसएपी म्हणतात. पूर्णवेळ शिकायचं ही अट. बदल्यात भुयारी रेल्वेचा पास, पुस्तकांना मदत, राहिलेली फी माफ आणि मोजक्या मुलांची जबाबदारी असलेला एक सल्लागार, ज्याला वारंवार भेटावंच लागतं. नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून तपासलं. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेतले ४० टक्के, बाहेरचे २२ टक्के. पेपर तेच, शिक्षक तेच. एका मुलामागे खर्च बराच वाढला, पण मिळालेल्या दर पदवीमागे तो कमीच आला. म्हणजे सर म्हणतात तसं पेपर सोपे न करताही आकडा वाढतो.

माळरान
यातल्या रेल्वेच्या पासावर मी थांबले. आपल्याकडे बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट, बी.ए.ला आली की एक तृतीयांश रक्कम भरायची. ज्या वर्षी मुलगी सुटण्याची शक्यता सर्वात जास्त, नेमक्या त्याच वर्षी ही सोय जाते. ती पदवीपर्यंत नेली तर काय फरक पडतो, हे तपासायला तरी आधीची संख्या हवी ना?

तासिका तत्त्वावर
सल्लागार कोण होणार, तेही सांगा. आमच्या विभागात मंजूर जागा रिकाम्या आहेत, मी तासावर शिकवतो. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही महिने उलटल्यावर. गैरहजर मुलीच्या घरी फोन करण्याचा तास कुठल्याच बिलात बसत नाही. तरी फोन करतो. पण योजना म्हणून हे माझ्या गळ्यात घालू नका.

आणि माळरान मॅडम, एक गोष्ट तुम्ही बोलला नाहीत. मुलांच्या संख्येवर कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, ठरतो आणि कार्यभारावर पदं. म्हणून जूनमध्ये प्राध्यापक गावोगाव प्रवेश गोळा करत फिरतात. त्यात आलेली काही नावं नुसती नावं असतात, मुलगा पुण्यात कंपनीत असतो. खरी गळती जाहीर झाली की तुकडी बंद होईल आणि कुणीतरी अतिरिक्त ठरेल. म्हणून रजिस्टरवर कुणी हात ठेवत नाही.

माळरान
बोलले नाही, कारण त्याच कार्यभारावर माझंही पद उभं आहे. मुद्दा बरोबर आहे. मागणीत भर घालते: पहिली पाच वर्षं या आकड्यावरून तुकडी बंद करायची नाही, पद कमी करायचं नाही. आणि फोनच्या तासाला तासिकेचं मानधन.

सेवानिवृत्त
या दोन अटी लेखी असतील तर दुसऱ्या वर्षाच्या आकड्याला माझा विरोध नाही. पदवीच्या टक्केवारीला अजून आहे. ती फाटकावर लावू नका.